इंजिनाच्या श्वासाला बूच नको

बोरिवलीहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीतून तेल टपकतं. पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर काळे डाग पडले, सोसायटीच्या कमिटीची चिठ्ठी आली, आणि मेकॅनिकनं उपाय सुचवला, 'नळीला बूच मारून टाकू.' मारू का, असं ते विचारतात.

मारू नका. हा धडा मी एक क्लच गमावून शिकलो आहे.

आमच्याकडे वडिलांची १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. फियाट ११०० चं नाव आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४ पासून पद्मिनी. बरीच वर्षं झाली, घराजवळच्या एका गॅरेजमध्ये तेलगळती थांबवायची म्हणून ब्रीदरच्या नळीत रबरी बूच ठोकून दिलं. जमिनीवरचे थेंब थांबले, वडील समाधानी. महिनाभरानं पवईच्या चढावर इंजिन नुसतं गरजत राहिलं आणि गाडी पुढे सरकेना. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेट तेलानं माखलेली होती. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल आत घुसलं होतं. दार बंद केलं म्हणून कोंडलेल्या वायूनं भिंतीतून वाट काढली होती.

हा वायू येतो कुठून? आपलं फियाटचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर ते सेकंदाला शंभर वेळा पेटतं. प्रत्येक वेळी जळत्या वायूचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या कोऱ्या इंजिनातही उतरतो. गॅरेजमध्ये याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, आम्ल असतं आणि वाफ असते. वाफेकडे मुंबईकरानं जास्त लक्ष द्यावं. घाटकोपर स्टेशनपर्यंत जाऊन परत, एवढीच गाडी फिरली तर इंजिन पुरतं तापत नाही. वाफेचं पाणी होतं, ते तेलात घुसळलं जातं, आणि जुलैत ऑइलचं झाकण उघडलं की खाली पांढरट साय दिसते. अनेकजण घाबरून हेड गॅस्केट बदलतात. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल तर तो दोष बहुतेक वेळा गॅस्केटचा नसतो. इंजिनाला धड श्वास सोडता येत नाही, एवढंच असतं.

जगभरच्या जुन्या गाड्यांत यावर सोपी तोड होती. एक नळी रस्त्याकडे सोडून द्यायची. गाडी पळाली की खालून जाणाऱ्या वाऱ्यानं वायू ओढला जायचा. उभ्या गाडीत मात्र ओढ नाही, आणि जे बाहेर पडायचं ते सगळं रस्त्यावरच्या माणसाच्या नाकात. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात या नळीचाही वाटा आहे हे उमगल्यावर १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या गाड्यांत तो वायू परत इंजिनातच जाळायची व्यवस्था आली. त्या काळात आपल्या कुर्ल्यात, एलबीएस मार्गावर, वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीत फियाट तयार होत होती. त्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. उरल्या त्या घराघरांतल्या गाड्या. त्यांचं आयुष्य आता तुमच्या-माझ्या हातात आहे, म्हणून हे इतकं खोलात जाऊन लिहितो आहे.

ब्रीदरच्या नळीची जोडणी बदलण्याआधी इंजिनाची तब्येत बघा. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण काढा. हलकी वाफ आली तर ठीक. धुराचे झोत येत असतील तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा तपासा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलंय, नाही चढला तर व्हॉल्व्हकडे बघा. इंजिन बांधायला आलं असेल तर जगातला कुठलाही ब्रीदर ते वाचवणार नाही, आणि कुठल्याही प्रामाणिक मेकॅनिकनं तसं सांगू नये.

इंजिन ठणठणीत असेल तर नळी एअर क्लीनरकडे न्या, फिल्टरच्या आतल्या, म्हणजे कार्बोरेटरकडच्या बाजूला. तिथली ओढ सौम्य असते आणि इंजिनावर भार आला की वाढते. वायूही तेव्हाच जास्त येतो. काहीजण नळी सरळ इनटेक मॅनिफोल्डला जोडतात. तिथे आयडलवर ओढ खूप जास्त, चढावर सर्वात कमी, म्हणजे गरजेच्या बरोबर उलट. मध्ये ओघ आवरणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह नसेल तर मिश्रण पातळ होतं, आयडल डगमगतं आणि इंजिन स्वतःचं तेल ओढून जाळतं.

नळी तेल सोसणारी घ्या, बागेला पाणी घालायची नको. ब्लॉकवरच्या तोंडाचा व्यास कुठेही कमी करू नका. उतार इंजिनाकडे ठेवा, म्हणजे गारठलेलं तेल परत आत जाईल. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि नळी तुंबते, म्हणजे पुन्हा बूचच. वाटेत स्टीलच्या जाळीची छोटी डबी बसवा. ती तेलाचे थेंब अडवते आणि कार्बोरेटरनं बॅकफायर केला तर ज्वाळ क्रँककेसपर्यंत पोचू देत नाही. सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतं. डबी दर सर्व्हिसिंगला रॉकेलमध्ये धुवायची.

टॅपेट कव्हरवर चकाकता उघडा फिल्टर लावायची हौस हल्ली रॅलीतल्या गाड्यांवर दिसते. मला ती पसंत नाही. तो वायू बॉनेटखाली साठतो आणि तिथून केबिनमध्ये येतो. मेट्रोच्या कामानं अडलेल्या एलबीएस मार्गावर, भांडुपपाशी, एसी नसलेल्या गाडीत काचा खाली करून बसलेल्या तुमच्या नातवाला तो हुंगावा लागतो, आणि शेजारच्या रिक्षातल्या बाईलाही. गाडीवरचं आपलं प्रेम दुसऱ्याच्या छातीवर का बसावं?

'पण मूळपण बिघडेल' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. २०२१ च्या जुलैत आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक घेता येतो, आणि त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. (त्या क्रमांकावर रोजचा वापर चालत नाही, हे अर्ज करण्याआधी ध्यानात घ्या.) दोन क्लॅम्पनी बसवलेली आणि दहा मिनिटांत निघणारी नळी हा मोठा फेरफार नाही, असं माझं मत आहे. ब्लॉकला किंवा टॅपेट कव्हरला भोक पाडणं मात्र कुणी सांगितलं तरी करू नका. जुने भाग एका पिशवीत घालून डिकीत ठेवा.

तर बोरिवलीकर, आधी कॉम्प्रेशन, मग नळी, आणि कमिटीला पंधरा दिवसांची मुदत मागा. तोवर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. काम झालं की एका रविवारी पहाटे दहिसर ओलांडून फाउंटन हॉटेलपर्यंत न थांबता जाऊन या. इंजिनाला अर्धा तास नीट तापू द्या. घरी आल्यावर झाकण काढून आतली बाजू बोटानं पुसून बघा. बोटाला काळं तेल लागलं तर चालेल, पांढरी साय लागली तर मला पुन्हा लिहा.