पत्ते मोजण्याआधी खिसा मोजा

'२१' हा सिनेमा २००८ साली आला. त्यानंतर कितीतरी बॅचेस पास आउट झाल्या, पण सिनेमा काही हॉस्टेल सोडायला तयार नाही. तो पाहून झाला की रात्री दोनपर्यंत चर्चा ठरलेली. एमआयटीची पोरं, लास व्हेगास, ब्लॅकजॅक आणि नोटांची बंडलं. "आपलं मॅथ्स काय कमी आहे का? आपण पण मोजू की पत्ते!" गंमत अशी की या चर्चेत पत्ते कसे मोजायचे यावर सगळे तज्ज्ञ असतात, पैज किती रुपयांची लावायची यावर मात्र कुणी तोंड उघडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की खरं गणित तिथेच आहे.

पत्ते मोजणं तसं सोपं. सगळ्यात प्रचलित 'हाय-लो' पद्धतीत २ ते ६ पैकी पत्ता दिसला की +१, ७ ते ९ ला शून्य आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का यांना -१. जी बेरीज येईल तिला अजून न वाटलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं. उत्तर मोठं आलं म्हणजे उरलेल्या पत्त्यांत मोठी पानं जास्त, आणि ती खेळणाऱ्याच्या फायद्याची. एरवी अगदी बिनचूक खेळलं तरी बऱ्या नियमांच्या टेबलावर कॅसिनो साधारण अर्धा टक्का पुढे असतो. भागाकार एकाने वाढला की पारडं सुमारे अर्धा टक्का आपल्याकडे झुकतं. म्हणजे उत्तर ३ आलं तर आपण १ टक्का पुढे. झालं, एवढंच!

आता हा १ टक्का म्हणजे किती ते बघू. १०० रुपयांच्या पैजेमागे सरासरी १ रुपया फायदा. पण एका डावातली वर-खाली, म्हणजे आपलं एम-थ्रीमधलं स्टँडर्ड डेव्हिएशन, सुमारे ११५ रुपये! १०,००० डाव खेळलात तर अपेक्षित फायदा १०,००० रुपये आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ११,५००. म्हणजे प्रत्येक डावात १ टक्का पुढे राहून १०,००० डाव बिनचूक खेळणाऱ्या पाच जणांपैकी साधारण एक जण शेवटी तोट्यातच असतो. त्याचं काहीही चुकलेलं नसतं, बरं का. सिनेमात हा पाचवा मुलगा दाखवत नाहीत.

मग तोपर्यंत टिकायचं कसं? सगळा प्रश्न खिशाचा आहे. दर वेळी सारखीच पैज लावली आणि खिशात तशा ५० पैजांचे पैसे असले, तर कधी ना कधी कफल्लक होण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के. १०० पैजांचे असले तर २२ टक्के, २०० चे असले तर ५ टक्के आणि ४०० चे असले तर जेमतेम पाव टक्का. पैसे दुप्पट केले की धोक्याचा वर्ग होतो, ०.४७ चा वर्ग करून बघा. पत्ते मोजण्यातलं कौशल्य या चौघांचं सारखंच आहे. फरक फक्त पैजेच्या आकाराचा.

पैज नेमकी किती असावी याचं उत्तर १९५६ साली बेल लॅब्सच्या जॉन केली यांनी एका शोधनिबंधात दिलं. ईअँडटीसीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण तो निबंध माहितीच्या वहनाच्या वेगावर होता! सूत्र साधं आहे: आपली आघाडी भागिले व्हेरिअन्स, जे उत्तर येईल तेवढाच हिस्सा लावायचा. ब्लॅकजॅकमध्ये व्हेरिअन्स सुमारे १.३. म्हणजे १ टक्का आघाडी असेल तर एकूण पैशाच्या पाऊण टक्का. १०,००० डॉलर जवळ असतील तर ७५ डॉलर. आघाडी नसेल तेव्हा कमीत कमी पैज, नाहीतर सरळ उठायचं. आणि खिसा हलका झाला की पैजही लहान करायची. आपल्याकडची "हरलो की डबल" ही पद्धत याच्या बरोबर उलटी. १०० पासून दुप्पट करत सात डाव ओळीने हरलात तर १२,७०० गेले, आणि पुढची १२,८०० ची पैज कशासाठी, तर शेवटी १०० रुपये जिंकण्यासाठी!

एडवर्ड थॉर्प हे एमआयटीत गणित शिकवत असताना क्लॉड शॅनन यांनी त्यांना केलींचा हा निबंध दाखवला. थॉर्प यांनी आयबीएम ७०४ संगणकावर ब्लॅकजॅकची आकडेमोड केली. १९६१ साली ते नेवाडातल्या कॅसिनोंमध्ये स्वतः खेळायला गेले, तेव्हा पैसे पुरवणारे एक लाख डॉलर द्यायला तयार होते. थॉर्प यांनी घेतले दहा हजार, आणि सुरुवात केली १ ते १० डॉलरच्या पैजांनी. हात बसल्यावरच पैज वाढवली, आणि परतताना पैसे दुपटीहून जास्त झाले होते. ज्यांनी १९६२ साली या विषयावरचं पुस्तक लिहिलं, त्यांची ही सावधगिरी!

तरी मी म्हणेन, केलींचं सूत्रही पूर्ण वापरू नका. पूर्ण केलीने खेळल्यास पैसे कधीतरी निम्म्यावर येण्याची शक्यता ५० टक्के असते. पैज अर्धी केली तर ती १२.५ टक्क्यांवर येते, आणि वाढीचा वेग मात्र फक्त पाव हिश्शाने घटतो. उलट पैज दुप्पट केली तर दीर्घकाळात वाढ शून्य! त्याहून मोठी लावली तर आघाडी असूनही बुडणार. आता समजा आपण १ टक्का आघाडी धरली, पण मोजताना चुका झाल्या आणि ती निघाली अर्धा टक्का. मग आपण नकळत दुप्पट पैज लावून बसलो की नाही? बीम डिझाइन करताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो तो यासाठीच. स्टीलवर विश्वास नसतो असं नाही, आपल्या अंदाजावर पूर्ण विश्वास ठेवायचा नसतो. पैजेच्या वेळी हा धडा कुठे जातो कोण जाणे.

आता मुद्द्याचं. 'बँकरोल' म्हणजे जे पूर्ण बुडाले तरी जेवण आणि फी अडत नाही असे पैसे. हॉस्टेलमध्ये असे पैसे कुणाकडे आहेत? महिन्याचे उरलेले ३,००० रुपये आणि पैज ५०० ची, म्हणजे फक्त सहा पैजा. वरच्याच हिशेबाने, १ टक्का आघाडी असूनही बुडण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के. आणि ते ३,००० तरी आपले कुठे, घरून आलेले.

हे फक्त पत्त्यांपुरतं नाही. थॉर्प स्वतः पुढे शेअर बाजारात गेले आणि पैजेचा हाच हिशेब तिथे घेऊन गेले. आपल्या विंगमध्ये लेक्चरला मागच्या बाकावर बसून ऑप्शन्स घेणारे आहेतच. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. यातल्या बहुतेकांकडे मुळात आघाडीच नसते. पण ज्याचा अंदाज खरंच बरोबर असतो, तोही एका दिवसात सगळं लावून बसला तर अंदाज खरा ठरेपर्यंत टेबलावर उरत नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "शंभर टक्के खात्री आहे" म्हणाला, की त्याला एवढंच विचारा: "खात्री राहू दे, लावतोयस किती आणि खिशात आहेत किती?" उत्तर देताना त्याला कॅल्क्युलेटर शोधावा लागला, तर समजा की अजून पत्ते पिसायची वेळ आलेली नाही.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी