चौकात मावेल तेवढं लग्न

परवा एका रविवारच्या पुरवणीत एका ज्येष्ठ लेखकमहाशयांनी गावाकडच्या जुन्या वाड्यांत होणाऱ्या साठ-सत्तर माणसांच्या लग्नांवर आसूड ओढला. त्यांचं म्हणणं असं: लग्न दोघांचं नसतं, गावाचं असतं, मोजक्यांना बोलावणं हा परक्यांकडून उचललेला आप्पलपोटेपणा, वाडा हवा तो फोटोंपुरता, आणि अशाने बँडवाले उपाशी मरतील.

बँडवाल्यांची एवढी कणव असेल तर महाशयांनी बारशालाही वरात काढावी. पुढे जाऊ.

लग्न गावाचं असतं म्हणे. कुठलं गाव? महाशयांना गहिवर आणणारी ‘गावाची’ लग्नं मी डझनांनी जेवलो आहे. हायवेलगतचं लॉन, दोन हजार खुर्च्या. मुहूर्त टळून तास झालेला आणि नवरदेव अजून डीजेपुढे. मग अंतरपाट धरल्यावर ध्वनिक्षेपकावरून सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच अशा क्रमाने स्वागत. दोन मंगलाष्टकांच्या मध्ये एका पुढाऱ्याचे शुभाशीर्वाद, त्यात पाणीयोजनेचा उल्लेख. मागच्या रांगेतून फेकलेल्या अक्षता पुढच्याच्या टकलावर. शेवटचं ‘सावधान’ उच्चारायच्या आत अर्धा मांडव ताटांच्या रांगेत आणि उरलेला पाकीट घेऊन स्टेजच्या. आठवड्याने अल्बम येतो तेव्हा मुलीचा बाप फोटोग्राफरलाच विचारतो, “हे कोण हो?”

गाव पूर्वी लग्नाला येई ते राबायला. जात्यावर हळद दळायला, मांडव घालायला, पाणी भरायला, पत्रावळी लावायला. पंगती उठत, पुन्हा बसत, माणसं कमी नसत, हे कबूल. पण चौकात आणि ओसरीवर जेवढे पाट मावतील तेवढीच एक पंगत, आणि यजमान प्रत्येक पंगतीतून हात जोडून फिरे, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणे, जिलबीचा आग्रह करी. कोण जेवलं आणि कोण रुसून बसलं हे त्याला ठाऊक असे. लॉनला चौक नसतो, त्यामुळे तिथे माप कुठे थांबवायचं हे कुणालाच कळत नाही.

परक्यांची नक्कल? भटजीवाचून, थाटमाटावाचून सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं ते 1873 च्या डिसेंबरात. ते काय विलायतेहून आलं होतं? कायद्याचंही तेच. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार पुरतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पुरं होतं, सातशेव्या पाहुण्याला नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या निर्बंधांत 25 माणसं आणि दोन तास एवढ्यावर राज्यभर लग्नं लागली. ती कच्ची राहिली असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

वाडा हवा तो फोटोंपुरता, हा महाशयांचा आणखी एक आक्षेप. त्यावरून आठवलं. 2019 साली 25 किल्ले हॉटेलं आणि लग्नसमारंभांसाठी देणार अशी बातमी आली, तेव्हा महाशयांच्याच कंपूने रान उठवलं होतं. तेव्हा मीही त्यांच्या बाजूने भांडलो आणि आजही भांडेन. पण किल्ला सगळ्यांचा. वाडा एका घराचा, आणि घर वापरलं नाही की पडतं. बंद वाड्याचं आधी कौल सरकतं, मग पाणी भिंतीत मुरतं, पांढऱ्या मातीची भिंत फुगते आणि सागवानी तुळई वाळवीच्या स्वाधीन होते. सासवडजवळची 1710 ची जाधवगडची गढी, तीही एका घराचीच, आज हॉटेल होऊन का होईना, नांदती आहे. आणि साठ माणसांवर साठ लाख उधळणारे असतात, त्यांची वकिली मी करत नाही. ते छोटं लग्न नव्हे, मोठंच लग्न माणसं वगळून.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही. गेल्या माघात धाकटीचं लग्न आजोळच्या वाड्यात केलं. सत्तर पानं. माईक नव्हता, मावशीने मंगलाष्टकं बेसूर म्हटली आणि ती शेवटच्या माणसाला ऐकू गेली. दुपारी वऱ्हाड सोप्यात आडवं झालं, विहीणबाई तुळशीकट्ट्यावर शेंगा सोलत बसल्या.

एका चुलत आत्याला मात्र बोलावणं राहिलं. राहिलं कसलं, सत्तराच्या यादीत बसलं नाही. माझ्या मुंजीत चार दिवस चुलीपाशी राबलेली ती. अजून ती माझा फोन उचलत नाही, आणि तेवढ्यापुरतं महाशयांना उत्तर माझ्याकडे नाही.