चांदी वर आली, माणसे विस्मृतीतच

मुंबईहून आफ्रिकेस निघालेली ‘तिलावा’ ही आगबोट २३ नोव्हेंबर १९४२ रोजी अरबी समुद्रात बुडाली. ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीच्या पहिल्या पाणतीराने ती जायबंदी झाली, दुसऱ्याने तळाशी गेली. बोटीवरील ९५८ जणांपैकी २८० प्राणांस मुकले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने मुंबईस परत आणले.

हे प्रवासी लढवय्ये नव्हते. पोटापाण्यासाठी परमुलूख गाठणारी ती साधी माणसे होती आणि त्यांत दक्षिण गुजरातेतील कुटुंबे पुष्कळ होती. भेस्तानवरून जाणारा जो लोहमार्ग आज मराठी कामगारास सुरतेस आणतो, तोच तेव्हा या मुलखातील माणसास मुंबई बंदराकडे नेत असे. पोटासाठी घर सोडण्याचे दुःख कोणत्याही एका भाषेचे नसते.

याच बोटीवर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची चांदी होती. २०१७ साली तिच्या २,३६४ लगडी सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढण्यात आल्या. त्यांच्यावरील हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीस वारस मिळाला. माणसांचे काय? त्यांचे सामुदायिक स्मरण मुंबईत झाले ते तब्बल ८० वर्षांनी, २०२२ साली, आणि तेही मुख्यतः वारसांच्या खटपटीने!

हे मौन का पडले? १९४२ म्हटले की आम्हांस ‘चले जाव’ आठवते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पाणबुडीने हे प्राण घेतले, तिनेच एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करनजीक नेताजी सुभाषचंद्र बोस यांना जर्मन पाणबुडीवरून आपल्याकडे घेऊन पूर्वेस नेले. स्वातंत्र्यलढ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांस हे सत्य अवघड वाटेल. पण ते टाळून चालणार नाही. नेताजींच्या त्यागास त्याने उणेपणा येत नाही. मात्र शत्रूचा शत्रू आपल्या माणसांस ओळखून सोडतोच असे नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

साम्राज्याच्या गौरवगाथेत या मृतांस स्थान नव्हते. स्वातंत्र्याच्या इतिहासातही ते मिळाले नाही. मुंबई बंदरावर त्या २८० जणांची नावे, प्रत्येकाच्या गावासह, दगडात कोरली जावीत. केंद्र व राज्य सरकारांनी हे काम वारसांवर न सोडता स्वतः अंगावर घ्यावे. लगडींची मोजदाद करणाऱ्या जगास माणसे मोजणे जड का जावे?