माळवदावरची माती

पंधरवड्यापूर्वी राहुरी तालुक्यातल्या एका घरी जाणे झाले. घर धाब्याचे, आजोबांच्या वेळचे. दोघे भाऊ त्याच घरावरून हुज्जत घालीत बसले होते. धाकटा म्हणे, "दर पावसाळ्यात गळतंय. पाडू अन् स्लॅब टाकू." थोरला म्हणे, "वाडवडिलांची खूण हाय, हात लावायचा न्हाई." ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली त्यांची चुलती मधेच बोलली, "आरं, भांडता कशाला? आधी वर जाऊन माती तरी मोजा."

शिडी लावून वर गेलो. पहारीने खोदून पाहिले, तर माती पावणेदोन फूट! म्हातारी म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवा वीतभर व्हती."

वाचकहो, आजचे सांगणे त्या वीतभर मातीचेच आहे.

आपल्याकडे पाऊस वीस-बावीस इंचांचा, आणि ऊन मात्र रणरणते. त्याला साजेसे घर जुन्या लोकांनी बांधले. दगडी तळखड्यावर सागाचा किंवा बाभळीचा खांब, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर बारीक लाकडांची किलचण. तिच्यावर कडुलिंबाचा पाला, आणि सगळ्यावर चोपलेली पांढरी माती. खांबाच्या डोक्याला कुसू काढून तो तुळईच्या भोकात बसवायचा. खिळ्याचे काम नाही. धूर जायला आणि उजेड यायला छपराला सवणे, पाणी उतरायला पन्हाळ. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचे ते खणांवर. पिकायला काळी आणि राहायला पांढरी, हे नाते फार जुने आहे. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला उत्खनन झाले, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या भिंतींची घरे सापडली.

दूर मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, पाऊस आपल्या चौपट-पाचपट. तिथले जुने घर लाकडी खांबांवर जमिनीपासून उचललेले असते, आणि पाणी झटकन उतरावे म्हणून छप्पर झावळ्यांचे, चांगले उतरते. पण सांधे तिथेही कुसवाचेच, बिनखिळ्याचे. पाऊस बदलला तसे छप्पर बदलले, सुताराची अक्कल मात्र एकच.

मग आपले घर बिघडले कुठे? छप्पर गळले की चार पाट्या माती आणून वर पसरायची, ही आपली सवय. जुनी मात्र कोणी काढीत नाही. दरसाल थरावर थर. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे १०० घनफूट. तिचे वजन चार ते पाच टन. म्हणजे भरलेल्या चार-पाच बैलगाड्या आपल्या झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर उभ्या! पावसात भिजली की वजन आणखी वाढते.

याचे मोल किल्लारीने दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. घरे अशीच होती. चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जाड माळवद. भिंतीची आतली व बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे भिंती फुगून कोसळल्या. पण जिथे छपराचा भार चांगल्या खांबांवर आणि तुळयांवर होता, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. जुनी अक्कल खोटी नव्हती. खोटी पडली ती आपली हेळसांड.

म्हणून सांगतो. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, छपरावरची माती उतरवा. एका कोपऱ्यातून खोल खणू नका. सगळीकडून सारखे पातळ थर काढा आणि काढलेल्या मातीचा ढीग वर घालू नका. भिंतीत गेलेली कड्यांची टोके सुताराकडून ठोकून तपासा, वाळवी तिथेच लपते. किलचणीवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून सहा-आठ इंच माती पन्हाळीकडे ढाळ देऊन चोपा. भिंत फुगलेली किंवा उभी तडकलेली दिसली, तर जाणत्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्या खोलीत निजू नका. आणि चिखलाच्या जुन्या भिंतींवर स्लॅब टाकण्याचा मोह तर मुळीच नको. तो भार त्या भिंतींचा नव्हे.

त्या घरी आता ठरले आहे. आधी माती उतरवायची, सुताराला आणायचे. लाकूड धड निघाले तर चौक आणि ओसरी राखायची. धाकट्याला स्लॅब हवाच असेल तर त्याने मागच्या परसात नव्या पायावर बांधावा. लाकूड किडलेले निघाले तर मात्र मोह न धरता उतरवायचे.

निघताना म्हातारी हसून म्हणाली, "घराला काय, माणसासारखंच हाय. वझं किती द्यायचं ते कळाय पायजे."

तुमच्या माळवदावर माती किती आहे? या आठवड्यात एकदा वर चढून मोजा.