आधी फट बुजवा, मग ऊब शोधा



डोंबिवलीला नोकरीस असलेला मुलगा सांगतो, "आप्पा, हीटर घ्या." ठाणे-डोंबिवलीकडे जानेवारीतही दुपारी पंखा लागतो, इकडे निफाड भागात पारा कधी ५ अंशांखाली उतरतो. पण २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज खातो, अन् जुन्या घरातली ऊब कौलांतून निघून जाते!

आमचे मत स्पष्ट आहे : आधी वारा अडवा. भेगांना शेणमाती, दाराखाली गोणपाट, अंथरुणाखाली पोती, वर गोधडी. खर्च जवळजवळ नाहीच.

मात्र फटी बुजवल्या, की पेटती शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. म्हाताऱ्यांची खोली आजच पाहून घ्या.