अर्थ नसलेले शब्द आणि वाचनाची किल्ली

सायंकाळच्या वंदनेनंतर पहिली-दुसरीची मुले पाठ वाचू लागतात. बोट ओळीवरून सरकते, आवाज खणखणीत असतो. भेटीस आलेल्या पालकांचे डोळे भरून येतात. पण त्याच पाठातील मधल्या शब्दावर बोट ठेवून ‘इथून वाच’ म्हटले, की काही मुले गप्प होतात. ती वाचत नव्हती. ऐकून मुखोद्गत झालेले म्हणत होती. अनेक वर्षांच्या अध्यापनात हा अनुभव आम्हांस वारंवार आला. म्हणूनच या वर्गांत आठवड्यातून एकदा, पाचच मिनिटे, अर्थ नसलेले शब्द वाचून घ्यावेत, असे आमचे ठाम मत आहे.

फळ्यावर ‘दुमेखी’ किंवा ‘लिगोप’ लिहावे. हे शब्द कोणी ऐकलेले नाहीत. चित्र पाहूनही ओळखता येत नाहीत. अक्षर, मात्रा आणि ध्वनी यांचे नाते ज्याला उमगले, तोच ते वाचतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची अशी चाचणी होते. तिच्यातील ४० शब्दांपैकी २० बनावट असतात. आपली बाराखडीही अर्थाविना ध्वनीच शिकवते. परंतु ती ठरलेल्या क्रमाने, चालीत म्हटली जाते आणि पाठ होते. बनावट शब्द तो क्रम मोडतो.

‘मुलांना निरर्थक शब्द कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. पण अक्षरतक्त्यावरील ‘ऋषी’, ‘क्षत्रिय’, ‘ऐरण’ हे शब्द वस्तीतील मुलाच्या ओळखीचे असतात काय? कोणासाठी ते घरचे, तर कोणासाठी निव्वळ आवाज. ‘दुमेखी’पुढे मात्र ताडीवाला रोडचे मूल आणि सदाशिव पेठेतील मूल एकाच रेषेवर उभे राहते.

तथापि हे साधन जपून वापरले पाहिजे. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून पाहावे. बनावट शब्दात यांपैकी कोणताही उच्चार बरोबर मानावा. घरच्या बोलीप्रमाणे ‘ण’चा ‘न’ झाला, तर ती वाचनातील चूक धरू नये. ‘पानी’ म्हणणाऱ्या आपल्या पिढ्यांना या शहराने पुरेसे हिणवले आहे; वाचनाच्या नावाखाली तो अपमान पुन्हा वर्गात येता कामा नये. या शब्दांना गुण देऊ नयेत, त्यांच्या याद्या पाठ करून घेऊ नयेत. कोणते मूल कोठे अडले, हे शिक्षकाला कळावे, एवढ्यापुरतेच ते असावेत. पाच मिनिटे संपताच मुलांच्या हाती गोष्टीचे पुस्तक द्यावे. कारण वाचन अर्थासाठीच असते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मूल समजून वाचू लागावे, हे त्याचे उद्दिष्ट. एवढ्या काळानंतरही हे उद्दिष्टच राहावे, याचा विचार आपण केला पाहिजे. आपल्या पूर्वजांनी न वाचता आलेल्या कागदांवर अंगठे उमटवले. ज्याला वाचता येत नाही, त्याला दुसरा सांगेल तोच अर्थ स्वीकारावा लागतो. ज्याने केवळ पाठ केले आहे, त्याचीही नवा कागद समोर येताच तीच गत होते.

म्हणून पालकांस विनंती, की भेटीच्या दिवशी पाठ म्हणवून घेऊ नका. रस्त्यावरची एखादी पाटी, वर्तमानपत्राचा एखादा मथळा वाचायला सांगा. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक तास येऊन एका मुलाजवळ बसावे. कधीही न पाहिलेला शब्द मूल स्वतः वाचते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा विश्वास आपण एकदा पाहावा, एवढीच आमची इच्छा आहे.