उंबरठ्यावरचा प्रचार

कांहीं वर्षांपूर्वींच्या संक्रांतीची गोष्ट. महानगरपालिकेची निवडणूक व्हावयाची होती, पण ती अद्याप जाहीर झाली नव्हती. मुलुंडास आमच्या घरीं दोन्ही सुनांच्या नांवें हळदीकुंकवाचें छापील आमंत्रण आलें. मातुश्रींनीं विचारलें, “कोणाकडचें ग हें?” धाकट्या सूनबाई म्हणाल्या, “आजी, पक्षाकडचें.” त्यावर मातुश्री म्हणाल्या, “पक्ष भाद्रपदांत असतो. संक्रांतीस कसा आला?” घरांत हंशा पिकला. सुना जाऊन आल्या, त्या वाण म्हणून झांकणाचा एक स्टीलचा डबा घेऊन. झांकणावर पक्षाची निशाणी होती. डबा चांगला जाड पत्र्याचा होता, हें आम्ही प्रांजळपणें नमूद करतों.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील आमच्या वाचकांस यांत नवल वाटण्याजोगें कांहींच दिसणार नाहीं. तें दिसत नाहीं, हेंच आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें. मत मागणारा मनुष्य मैदानांतून निघून माजघरापर्यंत कोणत्या वाटेनें आला, तें या खेपेस पाहूं.

मुंबईच्या पालिकेंत लोकनियुक्त सभासद १८७३ पासून आहेत. पण पुष्कळ काळ मताचा अधिकार फार थोड्यांना होता. प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाच्या मतानें पालिकेची निवडणूक प्रथम झाली ती १९४८ सालीं. उपनगरें पालिकेच्या हद्दींत आलीं तीं त्याहूनहि पुढें, १९५० मध्यें जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्यें दहिसर-मुलुंडपर्यंत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत दर उमेदवाराची पेटी निराळी असे व तिजवर त्याची निशाणी चिकटविलेली असे. मतदारांत निरक्षर पुष्कळ. म्हणून निशाणी ओळखीची करून देणें हेंच प्रचाराचें पहिलें काम. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, पुढें प्रजासमाजवाद्यांची झोपडी. भिंतीवर चुना आणि गेरू, गल्लींतून फेरी, रात्रीं चौकांत सभा. उमेदवार घरीं येत नसे असें नाहीं. येई, ओटीवर बसे, कर्त्या पुरुषाशीं चार शब्द बोले, चहा घेई आणि घरांतलीं सगळीं मतें आपलीं झालीं असें समजून उठे. स्वयंपाकघरांतल्या मताला निराळें मन असेल, ही शंका त्यास बहुधा शिवत नसे. आणि खरें सांगावयाचें तर कर्त्या पुरुषासहि शिवत नसे.

तें मन आहे हें उपनगरांत ज्यांनीं दाखविलें त्यांत मृणाल गोरे यांचें नांव पहिल्यानें घ्यावें लागेल. अंधेरी आणि बोरिवली यांच्या मधल्या गोरेगांवांतून त्या १९६१ मध्यें पालिकेवर निवडून आल्या. नळाला पाणी नाहीं, ही तोंवर बायकांनीं आपसांत कुरकुर करण्याची बाब. त्यांनीं ती मोर्च्यांत नेली, सभागृहांत नेली, आणि लोक त्यांस ‘पाणीवाली बाई’ म्हणूं लागले. १९७२ च्या महागाईंत लाटणीं हातीं घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हां अहिल्या रांगणेकर यांच्यासह त्या अग्रभागीं होत्या. त्याच वर्षीं त्या विधानसभेवर व १९७७ मध्यें लोकसभेवर गेल्या. त्यांचा प्रचार निवडणुकीच्या महिन्यापुरता नव्हता. तो अनेक वर्षें नळाशीं चालला होता. १९६६ मध्यें स्थापन झालेल्या शिवसेनेनें दुसऱ्या रीतीनें हेंच साधलें. दाखला हवा, रुग्णालयांत खाट हवी, शेजाऱ्याशीं तंटा आहे, तर शाखेंत जावें. १९६८ च्या पालिका निवडणुकींत तिला ४२ जागा मिळाल्या आणि १९८५ मध्यें पालिकाच हातीं आली. दोघांच्या विचारांत जमीनअस्मानाचें अंतर. पण वस्तींत बारमहा असावें लागतें, हें दोघांनींहि जाणलें होतें.

पुढें मोठा आवाज दबण्याचे दिवस आले. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकींत डॉ. रमेश प्रभू यांच्यासाठीं धर्माच्या नांवानें मतें मागितलीं गेलीं. उच्च न्यायालयानें ती निवड १९८९ मध्यें रद्द केली व सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९५ मध्यें तो निर्णय कायम केला. पार्ल्यासारख्या शिकल्यासवरल्या वस्तींत ती युक्ति चालली होती, हें आपल्या वर्गानें विसरूं नये. याच सुमारास मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनीं आचारसंहितेस दांत बसविले आणि १९९५ मध्यें राज्याच्या कायद्यानें भिंती विद्रूप करणें हा गुन्हा ठरला. भिंती स्वच्छ झाल्या, कान निवाले. पण भिंत बंद झाली म्हणून प्रचार थांबला नाहीं. तो दारांतून आंत आला. १९९३ पासून खासदारांस स्थानिक विकासनिधि मिळूं लागला. आमदार-नगरसेवकांच्या हातींहि तसा निधि असतो. पालिकेंत स्त्रियांस राखीव जागा आल्या, २०१२ पासून तर निम्म्या. म्हणूनच आमंत्रण आमच्या नांवें न येतां सुनांच्या नांवें आलें. आचारसंहिता लागू होते ती निवडणूक जाहीर झाल्यावर. डबा त्याआधींच घरांत आला होता.

सुनांस कोणी निराळी मतदार म्हणून ओळखूं लागलें, यास नाक मुरडण्याचें कारण नाहीं. तो लाभच आहे. आम्हांस खुपतें तें दुसरेंच. आमच्या सोसायटीच्या अंगणांत जुनी फरशी होती, बरी होती. ती उखडून निधींतून पेव्हर ब्लॉक बसविले गेले व फाटकाशीं फलक लागला. मागें नाल्यालगत वस्ती आहे. तेथें पहाटे अर्धा तास पाणी येतें, कधीं तेंहि येत नाहीं. आमच्या घरीं कामास येणाऱ्या बाई तेथेंच राहतात, आणि त्यांस उशीर झाला कीं आमच्या घरांत कपाळास आठ्या पडतात. गोरेगांवांत पाणी मागितलें गेलें तें सर्वांसाठीं, हक्क म्हणून. आम्हांस फरशी मिळाली ती न मागतां, भेट म्हणून. त्या भेटीबद्दल आभाराचें पत्र आम्हींच लिहून दिलें, कारण सोसायटींत आमचें मराठी बरें समजतात.

हिशेब देणारा उमेदवार मिळाला तर मतदार त्यास धरून ठेवतात, असेंहि म्हणवत नाहीं. बोरिवलीचे राम नाईक आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढें ठेवीत. १९८९ पासून ते लोकसभेवर ओळीनें पांच वेळां निवडून आले आणि २००४ मध्यें चित्रपटनट गोविंदा यांच्याकडून हरले. उलट, जुहूच्या रहिवाशांनीं २००७ मध्यें आपणच उमेदवार शोधला आणि पक्षांस बाजूस सारून अॅडॉल्फ डिसूझा यांस पालिकेवर पाठविलें. अंधेरी पूर्वेच्या २०२२ च्या पोटनिवडणुकींत मुख्य प्रतिस्पर्ध्यानें अर्ज मागें घेतला; मतदान शेंकडा ३२ च्याहि आंत झालें, आणि विजयी ऋतुजा लटके यांच्या खालोखाल, १२,८०६ मतें, ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ या रकान्यास पडलीं. पालिकेची मुदत तर मार्च २०२२ मध्येंच संपली होती. त्यानंतर जवळजवळ चार वर्षें शहरास नगरसेवकच नव्हते.

अखेर १५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं, मतदान झालें. त्याच्या आदल्या आठवड्यांत एक तरुण कार्यकर्ता मतदारयादीचें पान घेऊन दारीं आला. यादीच्या एकेका पानावर एकेक मनुष्य नेमण्याची पद्धति आतां रूढ आहे. त्यास ‘पन्नाप्रमुख’ अशी पदवीहि आहे. आमच्या घरीं सात मतें आहेत हें आम्हांस बोटांवर मोजावें लागलें. त्याला तें पाठ होतें. आजींस केंद्रावर खुर्ची लागेल काय, हेंहि त्यानें विचारलें. मुलगा मर्यादशील होता. मातुश्रींनीं त्यास बसविलें व मागच्या वस्तीच्या पाण्याचें काय, असें विचारलें. त्यानें हातांतला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि तो म्हणाला, “आजी, ती वस्ती माझ्या पानांत नाहीं.”

मातुश्रींनीं त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तो त्याच डब्यांतला होता.